दोन पोटांच्या होडीची दोन इंजिनं

समुद्र पाहायला गेलो नव्हतो, इंजिनं पाहायला गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. परत आल्यापासून केजात जो भेटतो तो विचारतो, "मिस्तरी, समुद्र कसा हाय?" इंजिनाचं कुणीच विचारत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

एकतीस वर्षं मी एसटीच्या वर्कशॉपात काढली. डोळे मिटून बसलो तरी स्टँडात शिरणाऱ्या गाडीचं कोणतं सिलिंडर आजारी आहे ते सांगत असे. निवृत्त झाल्यावर ही विद्या घरच्या मिक्सरवर खर्च होत होती. अशात एके दिवशी खालच्या वाडीच्या मुक्ताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

खालची वाडी मांजरा धरणाच्या फुगवट्यावर आहे. धरणात जमिनी गेलेल्या अकरा घरांनी मिळून तिथे मासेमारीची सहकारी संस्था काढलेली, आणि मुक्ताबाई तिच्या अध्यक्ष. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत, आणि एकदा धरलं की सोडायचं नाही हा स्वभाव. ही माणसं थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून मासे धरतात. एक माणूस, एक जाळं, आणि हातात ताटलीएवढी फळी वल्हं म्हणून. धरण भरलेलं असताना तेही चालून जायचं. पण यंदा पाऊस आलाच नाही. पाणी आटत आटत मधोमध गेलं, भोवती मैलभर चिखल. बाजाराची सडक पलीकडच्या काठाला. तराफ्यावरून तिथे पोचेपर्यंत ऊन चढतं आणि मासा मऊ पडतो. मऊ मासा कोण घेणार?

तेव्हा संस्थेनं कोकणातली एक जुनी होडी ठरवली होती. दोन पोटांची, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वर एकच फळ्यांचा माचा टाकल्यासारखी. गुडघाभर पाण्यात तरंगते, वाऱ्याला उलटत नाही, माच्यावर जाळी, बर्फ, माणसं सगळं मावतं. फक्त तिची दोन्ही इंजिनं मालकानं आधीच काढून विकलेली. नवी कोणती बसवायची, एवढं ठरवायला त्यांना माणूस हवा होता.

"मला पाण्यातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"आमाला इंजिनातलं कळत न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "मंजे जमलं की."

त्यांच्या मागे त्यांचा मुलगा दत्ता उभा होता. तिशीचा, उंचापुरा. त्याला हे सगळं पटलेलं नव्हतं ते त्याच्या उभं राहण्यातच दिसत होतं. तो आणि त्याची बायको सुनीता नऊ वर्षं दर हंगामाला ऊसतोडीला जात होते. सहा महिने पालात राहायचं, लेकीची शाळा तेवढे महिने बुडवायची. यंदा मुक्ताबाईंनी मुकादमाची उचल, म्हणजे तोडीची आगाऊ रक्कम, घेऊ दिली नव्हती, आणि मायलेकांत बोली झाली होती. ती दत्तानं मला तिथेच ऐकवली.

"खंडेनवमीला बोट पान्यात सरळ चालली तर मी थांबतो. न्हाई तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर येतोय, आमी दोघं बसून जातो. मग आईनं अडवायचं न्हाई."

"न्हाई अडवनार," मुक्ताबाई म्हणाल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तवा मिस्तरी, तेवीस दिवस हायेत."

मांजरसुंब्याहून पुढे

केजहून जीपनं मांजरसुंब्याला आलो. इथे रस्ते फुटतात, आणि माणसं भाकरी खायला थांबतात. शेवभाजी, ठेचा आणि हातावरची बाजरीची भाकरी. धाब्याच्या मालकानं ओळख असल्यामुळे विचारलं, कुठं निघालात? मी म्हणालो, होडीला इंजिन बघायला. तो तवा सोडून बाहेर आला, वर आभाळाकडे पाहिलं, खाली रस्त्याच्या धुळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बीडात होडी? मिस्तरी, ऊन लागलं का काय तुमाला?"

सगळा धाबा हसला. दत्ताही हसला. मुक्ताबाईंनी भाकरीचा घास शांतपणे गिळला आणि म्हणाल्या, "येताना हितंच थांबवू गाडी. तवा हसा परत."

पुढचा प्रवास गाळतो. दोन एसट्या, एक रात्र, आणि घाटात दत्ताचं पोट ढवळलं. तो माझ्या शर्टाचा विषय आहे आणि तो शर्ट आता पोछा झाला आहे.

बंदरावर

बंदराचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या एका माणसाबद्दल पुढे थोडं फटकळ लिहिणार आहे.

समुद्र दिसला तेव्हा आम्ही तिघं एका ओळीत उभे राहिलो. मुक्ताबाईंनी मान हलवली. "लई हाय," म्हणाल्या. तेवढंच.

होडीचे मालक विठू नाखवा साठीचे, काळेभोर, लुंगीतले. नाखवा म्हणजे होडीचा कप्तान. माणूस भला. घरी नेऊन आधी पाणी, मग चहा, मग इंजिनाची गोष्ट, असा त्यांचा क्रम होता. त्यांची बोली आम्हाला गमतीची वाटे आणि आमचं "का"साठीचं "कावून" ऐकलं की त्यांची सून पदरात तोंड लपवी. होडी किनाऱ्याला बांधलेली होती. निळी, रंग उडालेली, पण दोन्ही पोटं ठणठणीत. मी वाकून, ठोकून, सगळीकडे कान लावून पाहिलं.

आता माझी चूक सांगतो. बंदरावर भंगारवाल्याच्या शेडमध्ये मला एक इंजिन दिसलं आणि माझा जीव त्याच्यावर जडला. बसचं सहा सिलिंडरी डिझेल इंजिन, ज्याच्यासोबत मी आयुष्य घालवलं तेच. मी त्याच्यावर हात फिरवला, जुना मित्र भेटावा तसं झालं. नाखव्यांना म्हणालो, हे एक घ्या आणि माच्याच्या मधोमध बसवा. सात जन्म बिघडायचं नाही.

नाखवा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "मिस्त्री, दोन पोटांना दोन इंजिनं. एक बंद पडला तर दुसऱ्यावर घरला यायचा. आणि एवढा वजन चढवलात तर होडी कसली, खडक होईल तो."

बरोबर होतं. पण शेडकडे दोनदा मान वळवून पाहिलं, हे दत्तानं पाहिलं आणि नंतर सगळ्या वाडीला सांगितलं.

मग आला इंजिनांचा विक्रेता. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, तोंडात खडीसाखर. त्यानं होडीच्या पाठीमागे दोन नवीकोरी पेट्रोलची इंजिनं लटकवली, बाहेरून अडकवतात ती. दोरी ओढायचीही गरज नाही, बटण दाबलं की सुरू. भरतीचं पाणी काठोकाठ होतं. होडी अशी सुटली की मुक्ताबाईंचा पदर मागे उडाला. आवाज म्हणाल तर शिलाई मशिनीएवढा. दत्ताच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आनंदाचं हसू आलं. त्यानं सुकाणू हातात घेतलं आणि "आई, बघ!" असं लहान पोरासारखं ओरडला.

मलाही ती आवडली. खोटं कशाला बोला? मुक्ताबाईंनी फक्त एवढं विचारलं, "पेट्रोल केजाहून आणायचं का रोज?" पण त्याही मोहात पडल्या होत्या. विक्रेत्यानं कागद काढले. नाखवा म्हणाले, आधी जेवा, सह्या कुठं पळत नाहीत.

त्या जेवणाला मी नमस्कार करतो. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. आमच्याकडे मासा म्हणजे रोहू नाहीतर कटला, तेलात तळलेला, तिखटजाळ. मुक्ताबाई जेवल्या भरपूर आणि निकाल दिला, "चांगलं हाय. पन गोड्या पान्याचा मासा तो गोड्या पान्याचा." नाखवीणबाईंनीही आपल्या बाजूनं तसंच काही म्हणून घेतलं. मग आम्ही ओटीवर आडवे झालो.

मला जाग आली ती मुक्ताबाईंच्या आरोळीनं.

"दत्ताऽऽ! ऊठ! पानी चाललं!"

धावत बाहेर आलो. पाणी खरोखरच चाललं होतं. सकाळी जिथे होडी डुलत होती तिथे काळा चिकट चिखल, आणि समुद्र पार लांब, एका रेघेसारखा. मुक्ताबाई चिखलात मांड्यांपर्यंत रुतून होडीची दोरी खांद्यावर घेऊन ओढत होत्या.

धरणावर जगणाऱ्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. तिथे पहिला नियम हाच, की पाणी सरकलं की तराफा सरकवायचा, आळस केला तर सकाळी तराफा इथे आणि पाणी तिथे. दुष्काळात तर ही माणसं रोज पाण्याच्या मागे मागे जातात. दत्तानं विचारही केला नाही. उडी मारली आणि मागून ढकलायला लागला. मी भूगोलात भरती-ओहोटी शिकलेलो, मार्कही चांगले मिळालेले. पण त्या क्षणी ते सगळं विसरलो. पॅन्ट गुडघ्यावर घेऊन मीही शिरलो. तिघांनी मिळून ती होडी वीतभर हलवली असेल.

मासळी वाळवणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. आधी त्यांना कळेना. कळलं तेव्हा त्या एकमेकींना धरून हसल्या. नाखवा धावत आले.

"अवो ताई! सोडा, सोडा! पाणी येईल ना परत."

मुक्ताबाई थांबल्या. दोरी खांद्यावरच. "परत येतं?"

"म्हंजे काय! सहा तासांनी. रोज दोनदा."

"रोज?" त्यांनी त्या लांबच्या रेघेकडे पाहिलं. "कुनी मागितल्याबिगर?"

नाखव्यांनी त्यांच्या खांद्यावरची दोरी काढून घेतली. मुक्ताबाई तिथेच होडीला टेकून बसल्या, आणि मला त्या समुद्राचा, सरळ सांगतो, राग आला. इतकं पाणी, आणि तेही घरी परत येणारं. आमचं गेलं की गेलं.

आम्ही पाय धुतले. विक्रेता पुन्हा कागद घेऊन आला. मुक्ताबाईंचा मोह मात्र त्या चिखलात उतरला होता. त्या म्हणाल्या, "आता इंजिन चालू करून दावा. हितं."

"इथे? पाणी कुठे आहे, ताई?"

"येतंय म्हनतात ना. गुडघ्याएवढं झालं की चालू करा. कमरेएवढं व्हायच्या आत."

"अहो, चिखलात कोण चालवतं?"

"आमी," मुक्ताबाई म्हणाल्या.

तो माझ्याकडे पाहून हसला, म्हणजे बाईमाणूस आहे, तुम्ही समजवा. मला ते हसणं लागलं. मी म्हणालो, "त्या अध्यक्ष आहेत. चालू करा."

संध्याकाळी पाणी परत शिरायला लागलं. गुडघाभर झालं, गढूळ, चहासारखं. त्यानं एक इंजिन सुरू केलं. ही इंजिनं आपल्या पोटाला गारवा मिळावा म्हणून खालून पाणी ओढतात आणि बाजूनं एक बारीक धार सोडतात. धार सुरू झाली तशी तपकिरी. मग बारीक झाली. मग थेंब थेंब. मग इंजिनानं शिट्टी मारली आणि त्यानं घाईघाईनं बंद केलं. इंजिनाचा दोष नव्हता, ते स्वच्छ पाण्याचं. दोष आमच्या धरणाचा होता.

"आमच्याकडं आठ महिने हेच पानी असतं," मुक्ताबाई म्हणाल्या. कागद त्याच्या हातात परत गेले. तेव्हा तो जे पुटपुटला ते मी लिहीत नाही. गावाचं नाव म्हणूनच वगळलं.

दत्ता त्या संध्याकाळी एकटाच किनाऱ्यावर बसला होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "मिस्तरी, चार दिवस झाले. आई ऐकत न्हाई. मी काय वाईट मानूस न्हाई, पन अकरा घरं हिच्या तोंडाकडं बघून बसलीत. न्हाई जमलं तर?" त्याला चालत्या होडीवर हसताना पाहिलं होतं. मी म्हणालो, जमेल. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

खाडीत

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत असताना खाडीच्या बाजूनं आवाज आला. माझा ब्रश तोंडातच थांबला. धड धड धड धड. एक सिलिंडर, डिझेल, हवेनं थंड होणारं. हा आवाज मी ओळखणार नाही तर कोण? माझ्या लहानपणी आमच्या प्रत्येक विहिरीवरून हाच आवाज यायचा. रब्बीचं पाणी सुरू असलं की सगळं शिवार धडधडायचं.

तोंड न धुताच धावलो. नाखव्यांचे मेहुणे एका लहानशा होडीतून येत होते. होडीच्या मागच्या कडेला पंपाचं साधं इंजिन, आणि त्याला जोडलेला दोन माणसांएवढा लांब दांडा, पार मागे जाऊन टोकाला छोटा पंखा. समोर चिखलाचा उंचवटा आला. त्यांनी हातानं दांडा अलगद वर उचलला, होडी चिखलावरून घसरत गेली, पलीकडे पंखा पुन्हा पाण्यात. गवत अडकलं तर दांडा ओढून होडीत घ्यायचा आणि काढायचं. पाण्यात उतरायला नको. इंजिन पाणी पीतच नाही, तर चिखल कसा पिईल?

"मुक्ताबाई," मी ओरडलो, "हे बघा! हे आपलंच हाय!"

मेहुण्यांशी बोलायला ओरडावंच लागत होतं. वीस वर्षं हे इंजिन चालवून त्यांचे कान गेले होते. विक्रेता चहाला आलेला, तो जाता जाता म्हणाला, "आवाज ऐकलात? एक दिवस चालवलंत तर काठावरून कुणी हाक मारली तरी ऐकू येणार नाही." ते मात्र खरं होतं. मुक्ताबाईंनीही विचारलं, "मिस्तरी, आवाज कमी कराया येतो का?" मी म्हणालो, घरी गेल्यावर सायलेन्सर बनवून बसवतो.

ठरलं. दांडे आणि पंखे बंदरावरच्या लेथवाल्याकडून बनवून घेतले. त्याला तीन दिवस लागले आणि तिन्ही दिवस मी त्याच्या डोक्यावर बसलो. इंजिनं मात्र इथून न्यायची नाहीत असं मी म्हणालो. दुष्काळात आमच्याकडे विहिरी कोरड्या आणि इंजिनं रिकामी. निवडायला जेवढी हवीत तेवढी.

निघताना नाखव्यांनी होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, नारळ बांधला. "ताई, तिला गोडा पाणी पहिल्यांदाच लागेल," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. होडी विकणं सोपं नसतं, हे मला भंगारातल्या त्या इंजिनामुळे कळत होतं.

शिरूर कासार

होडी ट्रकवर उलटी घालून आम्ही पाथर्डीवरून शिरूर कासारला आलो. तिथले रामभाऊ माझ्या ओळखीचे. थोडी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे आसपासच्या सहा शेतकऱ्यांनी आपापली इंजिनं त्यांच्या खळ्यावर आणून ठेवली होती, सातवं त्यांचं स्वतःचं.

वस्तीवर ट्रक वळला तशी धुळीत माणसं पळत येताना दिसली. बाया, हातात घागरी, हंडे, प्लॅस्टिकचे ड्रम. त्यांना टँकर वाटला. जवळ आल्यावर थांबल्या. ट्रकवर पाण्याची टाकी नाही, होडी. एक म्हातारी हंडा खाली ठेवून होडीकडे पाहून म्हणाली, "आता ही कशात सोडायची, बाबा?" मला खाली मान घालावीशी वाटली.

जोडी निवडायची होती, हे मुद्दाम सांगतो. एक इंजिन जोरकस आणि दुसरं मंद असेल तर दोन पोटांची होडी एका अंगाला ओढत राहील. बैलजोडी घेताना आपण जशी चाल जुळवतो तेच. सातही इंजिनं ओळीत मांडली. मी त्यांच्याकडे पाठ करून पोत्यावर बसलो आणि एकेक सुरू करायला सांगितलं. दोन तर सुरूच झाली नाहीत. एकाला खोकला. एकाचा आवाज मला आवडला, पण मुक्ताबाईंनी मध्येच थांबवलं.

"कानावर इस्वास हाय मिस्तरी, पन डोळ्यांनी बगू." त्यांनी रामभाऊंच्या बायकोकडे पेलाभर पाणी मागितलं. पेला चालत्या इंजिनावर ठेवायचा आणि पाणी किती हिंदकळतं ते पाहायचं. वहिनी क्षणभर थबकल्या, आत जाऊन अर्धा पेला घेऊन आल्या. तो अर्धा पेला पाचही इंजिनांवर फिरला. दोन इंजिनांवर पाण्याची थरथर अगदी सारखी आली, आणि माझ्या कानांनीही तीच दोन धरली होती. पेल्यातलं पाणी मग कोकराला पाजलं. वाया काही गेलं नाही.

त्यातलं एक इंजिन रामभाऊंचंच निघालं. आम्ही व्यवहाराचं बोललो तर ते म्हणाले, "इकायचं न्हाई. तीन साल झाले, ह्यानं पानी बगितलं न्हाई. तुमी न्या, पान्यावर चालवा. माझ्या हिरीला पानी आलं की मी घ्याया येतो." दुसऱ्याचा मालकही तसंच म्हणाला. मुक्ताबाईंनी दोघांच्या इंजिनांना हळदकुंकू लावलं. रामभाऊ आणि त्यांची बायको दसऱ्यानंतर ऊसतोडीलाच निघणार होते.

मांजरसुंब्याला ट्रक थांबवला. धाब्याचा मालक बाहेर आला, होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. हसलाही नाही.

खंडेनवमी

आमच्याकडे या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा होते. वाडीत घरोघर कोयते घासून, धार लावून पाटावर मांडले होते. त्यांच्या शेजारी यंदा माझी पान्यांची पेटी होती. सगळी वाडी काठावर जमली, आणि मुकादमही आला. दत्ता किती पक्का आहे ते पाहायलाच आला होता.

या इंजिनांची एक खोड आम्ही खाडीत पाहिली नव्हती, कारण तिथे एकच होतं. प्रत्येक दांड्याला एक माणूस लागतो. म्हणजे दोघांनी एकाच वेळी, एकाच मापानं दांडे हलवायला हवेत. डावीकडे दत्ता, उजवीकडे त्याचा चुलतभाऊ. इंजिनं सुरू झाली. धड धड. होडी पाण्यात गेली, उजवीकडे वळली, वळतच राहिली आणि तोंड पुन्हा काठाकडे. परत सोडली. डावीकडून गोल. भाऊ म्हणे तू चुकतोस, दत्ता म्हणे तू. माणसं बदलली. तिसऱ्यांदा होडी चिखलात घुसली. काठावर हशा पिकला. मुकादमानं तंबाखू मळायला घेतली.

माझे कान तापले. इंजिनं सारखी होती, ते मी शपथेवर सांगत होतो. चालवणारी माणसं सारखी नव्हती.

दत्ता होडीतून उतरला. आईसमोर येऊन म्हणाला, "झालं, आई. सरळ चालली न्हाई." त्याला आनंद झाला नव्हता. बोली ती बोली. मुक्ताबाईंनी होडीची दोरी हातात घट्ट धरून ठेवली होती.

तेव्हा मागून सुनीता आली. दिवसभर ती कोयते घासत होती. तिनं पदर खोचला, चिखलातून चालत गेली, होडीवर चढली आणि उजवा दांडा धरून उभी राहिली.

"चला," ती दत्ताला म्हणाली. "पान्याकडं बगू नगा. माझ्याकडं बगा. फडात बगता तसं."

ऊस तोडताना नवराबायको एका सरीत शेजारी शेजारी चालतात. हाताला हात, पायाला पाय. एक पुढे गेला तर दुसऱ्याच्या अंगावर पाचट येतं. नऊ हंगाम ती दोघं तशी चालली होती. दत्ता चढला, डावा दांडा धरला. सुनीतानं मान हलवली.

होडी सरळ गेली. मी पुन्हा लिहितो, सरळ गेली. झाडांचे बुडालेले खुंट आले तिथे दोघांनी एकदम दांडे वर उचलले, एकदम खाली टेकवले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पलीकडच्या काठाला लागून, वळून, तशीच परत आली. वाडीतली पोरं चिखलात नाचत होती. मी रडलो. मुक्ताबाई रडल्या नाहीत, त्यांनी नारळ फोडला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सायलेन्सरचं माप घ्यायला वाडीला गेलो. सकाळचे सात. मुक्ताबाई काठावर जाळं निवडत बसल्या होत्या. दत्ता आणि सुनीता मासळी घेऊन धरणाच्या मधोमध, सडकेच्या काठाकडे निघालेली. धडधड इथपर्यंत येत होती.

तेवढ्यात मागच्या वाटेनं मुकादमाचा ट्रॅक्टर आला. बोलीचा निकाल त्यानंही पाहिला होता, पण अशी चांगली जोडी सहज कोण सोडतो? काठावर येऊन त्यानं भोंगा वाजवला. मग आणखी एकदा, लांबलचक. बगळे उडाले. होडीवरच्या दोघांनी मानही वळवली नाही, धड धड करत होडी आपल्या वाटेनं चालली होती. तिसऱ्यांदा वाजवून तो थोडा वेळ थांबला आणि ट्रॅक्टर वळवून गेला.

मी टेप काढली. "मुक्ताबाई, दोन दिवसांत सायलेन्सर बसवून देतो. आवाज निम्म्यावर येईल."

त्यांनी जाळ्यातून मान वर केली नाही.

"नगं, मिस्तरी. हाय तसाच राहू द्या."